‘नेटवर्क नाही’ हे उत्तर पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याची बातमी आली की लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवले जाते आणि कारखाने सांडपाण्याच्या आपल्या ऑनलाइन नोंदी पुढे करतात. या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत पोहोचतात कशा, हे मात्र कुणी विचारत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना सांडपाणी व धूर यांची अखंड मोजणी करणारी यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. सामू (आम्लता), सीओडी (सांडपाण्यातील घाण किती ऑक्सिजन खाईल याचे माप), प्रवाह यांची दर १५ मिनिटांची सरासरी मंडळाच्या सर्व्हरवर जाणे त्यात अपेक्षित आहे. मी एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालो. आमचा ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) आवाराच्या पार टोकाला होता आणि केबलसाठी रस्ता खोदावा लागला असता, म्हणून मीटरपासून कंट्रोल रूमपर्यंत रेडिओ आणि पुढे मोबाइलचे सिम, अशी सोय केलेली होती. जूनच्या पहिल्या वाऱ्यात शेडवरचा अँटेना फिरायचा, खाऱ्या हवेने कनेक्टरमध्ये हिरवट थर धरायचा, आणि वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही गप्प व्हायचा. मग आम्ही ‘नेटवर्क नाही’ असा मेल टाकून मोकळे होत असू. एका पावसाळ्यात सलग आठ दिवसांच्या नोंदी गेल्या नाहीत. त्या लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या उपकरणात, सुरक्षित होत्या. मात्र संपर्क परत आल्यावर त्या आपोआप पुढे जाव्यात, असे सेटिंगच कुणी केले नव्हते. त्यांची विचारणाही झाली नाही.

परवानग्यांची कमतरता होती असे नाही. रेडिओला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन) शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण-मान्यता, होती आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे. अर्थात शेजारच्या कारखान्याच्या रेडिओने व्यत्यय आणला तर त्या पट्ट्यात संरक्षणही मिळत नाही. सॉल्व्हंटच्या (ज्वलनशील द्रावकांच्या) टाक्यांजवळच्या उपकरणांसाठी ‘पेसो’ची (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता घेतलेली असे. १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखालचे, कारखाना चालवण्यासाठी लागणारे राज्य मंडळाचे संमतिपत्रही होते. परंतु माझ्या पाहण्यात आलेल्या संमतिपत्रांत मीटर बसवून सर्व्हरला जोडण्याची अट असे. नोंद कोणत्या मार्गाने जावी आणि मार्ग तुटल्यास ती किती दिवस जपावी, याबद्दल अवाक्षर नसे.

अशा प्रत्येक खंडामागे लबाडी असते, असे मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा गंजलेला कनेक्टरच असतो. तरीही ज्याला टाकी नाल्यात रिकामी करायची आहे, त्याला नाले भरून वाहत असतानाच मीटर मुके होणे, याहून सोयीचे काय असणार?

म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विनंती आहे की, संमतिपत्राच्या नूतनीकरणावेळी दुसऱ्या संपर्कमार्गाची आणि मूळ वेळेसह नोंदी साठवून नंतर पाठवण्याची अट घालावी, तसेच जून ते सप्टेंबरमधील खंडित नोंदींचा कारखानावार तक्ता कारणांसह संकेतस्थळावर ठेवावा. खाडीत जाळे टाकणाऱ्यांना तो मराठीत वाचता आला पाहिजे.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, चिपळूण