तिकिटावर नंबर मुलाचा, गाडीत आई

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस
स.न.वि.वि.

परवा आमच्या घरात पुन्हा तेच झालं. गाडी एका स्टेशनात, न्यायला आलेला माणूस दुसऱ्याच स्टेशनात आणि सगळे मेसेज तिसऱ्या गावी. घरचा तपशील इथे उगाळत नाही. एकट्या निघालेल्या म्हाताऱ्या माणसाची चुकामूक कशी होते याची रीत आता ठरून गेली आहे आणि ती तुमच्या आरक्षणाच्या फॉर्मपासूनच सुरू होते.

त्या फॉर्मवर मोबाईल नंबरासाठी रकाना एकच. तिकीट काढतो परगावचा मुलगा, म्हणून नंबर त्याचा. एजंटाकडून काढलं तर बरेचदा एजंटाचाच. मग गाडी रद्द झाली, मार्ग बदलला, ठरलेल्या स्टेशनाच्या अलीकडेच थांबवली, काहीही झालं तरी मेसेज त्या एका नंबरावर. डब्यातल्या आईला पत्ता नाही, स्टेशनवर उभ्या असलेल्या भाच्याला पत्ता नाही. मुलगा ऑफिसात फोन सायलेंटवर टाकून बसलेला. संध्याकाळी घरात सुरू होतं, "तू कळवलं का नाहीस?" "मला कुणी सांगितलंच नाही!" भावाभावांत अबोला धरला जातो आणि आई सगळा दोष स्वतःवर घेते, 'मीच नीट विचारलं नाही' म्हणते. तिची काय चूक हो यात?

सीएसएमटीच्या प्लॅटफॉर्मचं काम चालू होतं तेव्हा मंगळुरू एक्सप्रेस ठाण्यात संपवली जायची, जनशताब्दी आणि तेजस दादरला. काम गरजेचं होतं, मान्य. पण न्यायला येणाऱ्याला हे कोण कळवणार होतं? लोकमान्य टिळक टर्मिनसचंही तेच. जुनी माणसं अजून त्याला कुर्लाच म्हणतात. फोनवर आजी "कुर्ल्याला उतरते" म्हणाली की नातू लोकलच्या कुर्ला स्टेशनवर जाऊन उभा राहतो, आणि आजी सामानासकट टर्मिनसवर.

आता स्टेशन बरोबर आहे असं धरू. २२ डब्यांची गाडी अर्धा किलोमीटरहून लांब असते, आणि मधल्या स्टेशनांवर थांबा कित्येकदा दोनच मिनिटांचा. डब्यांचा क्रम उलटा लागून आला की पुढे येणारा एस-२ मागे जातो. गुडघे धरलेल्या बाईला दारापर्यंत यायलाच एक मिनिट लागतं. बॅग उतरवून घ्यायला खाली माणूस नसेल तर ती उतरतच नाही, पुढच्या स्टेशनला जाते. आणि हो, तो खालचा माणूस प्लॅटफॉर्मवर थांबणार कसा? १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. गाडी तीन तास लेट झाली तर उशीर तुमचा आणि दंडाची भीती त्याला.

खालच्या बर्थच्या कोट्याचं तर विचारूच नका. ६० वरचे पुरुष, ४५ वरच्या बायका, एकट्या किंवा दोघी-दोघं असतील तरच तो मिळतो. सोबतीला नातीचं नाव त्याच पीएनआरवर घातलं की कोटा गेला. म्हणून घरचे दोन वेगळी तिकिटं काढतात. आजीला मिळतो एस-३, नातीला एस-८, आणि सोबत असूनही आजी रात्रभर एकटी. टीसीला रिकामा झालेला खालचा बर्थ वरच्या बर्थवरच्या ज्येष्ठाला देता येतो, नियम आहे तसा. पण तो मागावा लागतो, आणि आपली म्हातारी माणसं मागत नाहीत.

मुळात त्यांना एकटं पाठवावं का लागतं? तिकिटात ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के, ज्येष्ठ बायकांना ५० टक्के सवलत होती. २० मार्च २०२० पासून बंद. करोना गेला, सवलत आली नाही. निदान स्लीपर आणि थर्ड एसीत तरी द्या, असं संसदेच्या स्थायी समितीने सुचवलं. तुमचं उत्तर ठरलेलं: २०२२-२३ मध्ये प्रवाशांना ५६,९९३ कोटींचं अनुदान दिलं, प्रत्येकाला सरासरी ४६ टक्के सूट आहेच. प्रत्येकाला म्हणजे धडधाकट पंचविशीतल्या पोरालाही! मग ज्येष्ठांना वेगळं काय दिलंत? इथे आमची एसटी, तोट्यातली, खिळखिळी, पण ऑगस्ट २०२२ पासून ७५ वरच्यांना फुकट नेते. आईचं पूर्ण तिकीट, वर सोबत्याचं पूर्ण तिकीट, जाता-येता दोन्ही वेळा. न परवडणारं घर सोबतीलाच काट मारतं. आयुष्यभर कर भरलेल्या माणसांना या देशात प्रत्येक खिडकीवर हेच ऐकावं लागतं, तुमच्यासाठी तरतूद नाही.

पैशांचं तुम्ही बघा. पण पीएनआरवर एकच नाव, वय ७८, हे तुमच्या यंत्रणेला तिकीट काढतानाच कळतं. टीसीच्या हातातल्या मशीनवरही दिसतं. ६० वरच्या एकट्या प्रवाशासाठी दोन जादा रकाने द्या, एक तिच्या स्वतःच्या फोनचा, एक न्यायला येणाऱ्याचा. प्रत्येक मेसेज तिन्ही नंबरांवर जाऊ द्या, मराठीत. गाडी अलीकडेच थांबवणार असाल तर टीसीने त्या बर्थपाशी जाऊन सांगावं, आणि न्यायला आलेल्याचं प्लॅटफॉर्म तिकीट ती गाडी येईपर्यंत चालावं. याला नवा रूळ लागत नाही, नवं स्टेशन लागत नाही. दिवाळीच्या गर्दीआधी हे होणार की नाही, तेवढं जाहीरपणे सांगा.

आपला,
एक प्रवासी