बडोद्याचा राजवाडा अन् कमाटी बाग

प्रिय सुन्या,

कसाय गड्या? फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहायलो. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस बघून आलो. गायकवाड घराणं अजून तिथंच राहतंय, त्यामुळं आपल्याला ठराविक भागच बघायला मिळतो. ऑडिओ गाइड कानाला लावायचा अन् फिरायचं. आराखडा केला मेजर मँटनं, पण तो १८८१ लाच वारला, मग चिझमनं काम पुढं नेलं अन् १८९० ला पॅलेस पुरा झाला. दरबार हॉल लई भारी, बेल्जियमच्या रंगीत काचा, खाली मोझॅइकची फरशी, पाय ठेवायला जीव होत नाही बघ. रविवर्म्याची चित्रं तर समोर उभं राहूनच बघावीत, कॅलेंडरवर त्यातलं काहीच येत नाही.

पण मला सारखे सयाजीरावच आठवायले. मालेगावजवळच्या कवळाण्याचं शेतकऱ्याचं पोर, १८७५ ला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं तेव्हा बारा वर्षांचं, अन् त्याच माणसानं १९०६ ला सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत अन् सक्तीचं केलं! बाबासाहेबांना १९१३ ला कोलंबियाला जायला महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप पण त्यांचीच.

तिथून सेवउसळ खाऊन कमाटी बागेत गेलो. १८७९ ची बाग, सयाजीरावांनीच केलेली, आता सयाजी बाग म्हणतात. तिथंच बाबासाहेबांच्या आठवणीची जागा, संकल्प भूमी आहे. १९१७ ला बाबासाहेब त्या स्कॉलरशिपच्या करारापरमाणं नोकरीला बडोद्यात आले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीपायी गावात कुणी खोली देईना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, मग या बागेत झाडाखाली बसून रडले. राजाचा हुकूम शाळेत चालला, पण लोकांच्या घरात चालला नाही रे. दरबार हॉल बघून आलेला मी, तिथं मला उभं राहवेना, खालीच बसलो.

अन् त्याच बाबासाहेबांनी पुढं १९५० ला औरंगाबादला आपलं मिलिंद कॉलेज काढलं. तू अन् मी तिथं शिकलो, फुकट मिळाल्यासारखं शिकलो, हे मला त्या बागेत लई लागलं.

तू दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन जाच. पॅलेसला अर्धा दिवस दे, बागेला घाई करू नको. तिथं गेल्यावर पोरांना हे सगळं तू स्वतः सांग, मोबाईलवर वाचून दाखवू नको. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिल्या
परभणी