मित्रास पत्र : पूल वर कसा चढला?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, पण तू प्रश्नही तसाच विचारलास. पूल उभा राहिला, गाड्या धावू लागल्या, आता खाली मऊ चिकणमाती आहे म्हणून यंत्रं किती बसवू आणि किती वर्षं मोजत बसू? यंत्रांचं मागाहून बघू. आधी माझी फजिती ऐक.

काही वर्षांपूर्वी एका पुलाच्या लेव्हलचं, म्हणजे खांबांची उंची मोजत राहण्याचं, काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांची रीडिंगं मांडली तर सगळे खांब वर आलेले! कुठे ३ मिलिमीटर, कुठे ५. मऊ मातीतला पाया बसतो हे ठाऊक, पण चढतो? आम्ही तर्क लढवले. माती फुगली असेल, पाण्याची पातळी वाढली असेल. एकाने तर छान आलेखसुद्धा काढला. मला मात्र एकच गोष्ट टोचत होती. एखादा खांब वर आला तर समजू शकतो, पण सगळेच एका सुरात कसे?

शेवटी बेंचमार्क, म्हणजे ज्यापासून सगळ्या उंच्या मोजायच्या ती न हलणारी खूण, शोधायला गेलो. वहीत नोंदलेला बेंचमार्क होता खडकापर्यंत बोअर मारून उतरवलेला. आत सळई, बाहेर तिला न चिकटणारा पाइप, म्हणजे खचणारी माती पाइपला ओढेल, सळईला नाही. पण त्याचं झाकण रस्त्याच्या कडेच्या मुरुमाखाली गाडलं गेलं होतं. नवीन माणसाला ते सापडलं नाही, म्हणून त्याने जवळच्या एका खोलीच्या जोत्यावर पितळी खुंटी ठोकली आणि तिलाच शून्य मानलं. ती खोली भरावावर. मुरुम खणून खरं झाकण उघडलं, तिथून लेव्हल फिरवली, तर खुंटी ११ मिलिमीटर बसलेली. म्हणजे खांब वर आलेच नव्हते, ६ ते ८ मिलिमीटर खाली गेले होते. आम्ही बुडत्या माणसाच्या खांद्यावर उभं राहून समुद्राची उंची मोजत होतो!

आता 'किती वर्षं' याकडे येतो. चिकणमातीवर वजन आलं की ते आधी मातीतल्या पाण्यावर पडतं. पाणी हळूहळू झिरपून गेलं की मातीच्या कणांवर भार येतो आणि थर आवळतो. मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झागी यांनी १९२३ साली याचं गणित मांडलं. त्यातली मेख ही, की पाण्याला बाहेर पडायची वाट दुप्पट लांब झाली तर वेळ चौपट लागतो. ५ मीटरच्या थराला २ वर्षं लागली, तर तसाच १० मीटरचा थर ८ वर्षं घेईल. मध्ये वाळूचा पातळ पट्टा निघाला की हिशेब पुन्हा बदलतो, आणि बोअर करताना तो नेमका हुकतो. पाण्याचा दाब उतरल्यावरही माती सावकाश सरकत राहते ते वेगळंच. म्हणून वर्षं मला विचारू नकोस, मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या पिझोमीटरला विचार. दाब मूळ पातळीवर यायच्या आत मोजणी बंद केलीस, तर अर्धं नाटक बघून घरी गेल्यासारखं होईल.

पाइल, म्हणजे पायाचे खोल उतरवलेले खांब, खडकात टेकल्यात म्हणून निर्धास्त राहू नकोस. अबटमेंटमागच्या, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीमागच्या, भरावाने माती बसू लागली की ती पाइलना धरून खाली ओढते, म्हणजे जिने आधार द्यायचा तीच ओझं होते. शिवाय भराव मऊ थराला आडवा ढकलतो. जमिनीतली आडवी सरक मोजणाऱ्या इन्क्लिनोमीटरच्या आलेखात मातीच्या मधोमध पोट सुटलेलं दिसलं की समज. मला विचारशील तर पैसे कमी असतील तेव्हा मधले दोन-चार सेन्सर वगळ, पण अबटमेंटपाशी हात आखडू नकोस.

आणि वहीतला 'शेरा' हा रकाना. लोक तो कोरा सोडतात, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. एका पिझोमीटरने एकदा अचानक उडी मारली. यंत्र बिघडलं म्हणून बदलायला निघालो होतो. रीडिंग घेणाऱ्याने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'शेजारी मातीचा ढीग टाकला.' झालं, उलगडा झाला. पिसाच्या मनोऱ्याचा कल १९११पासून थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, मोजत आले. १९३४ मध्ये पायात सिमेंट भरलं तेव्हा मनोरा एकदम आणखी कलला, आणि पुढे भूजलाच्या उपशाबरोबर कल वाढला. कोणत्या साली काय केलं हे माहीत नसतं, तर नुसत्या आकड्यांतून कुणाला काय कळलं असतं?

रीडिंग मात्र पहाटे घे. ऊन चढलं की गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, वाकतो, खांबाचा कल मोजणारा टिल्टमीटर सूर्याबरोबर फिरतो आणि तू उगाच पायाला दोष देत बसतोस.

आता असं कर. पहिल्या दिवसाच्या रीडिंगच्या पानाचा फोटो पाठव, आणि बेंचमार्कचाही. झाकण उघडून, आतली सळई दिसेल असा.

तुझाच,
लेव्हलवाला