कोंतुर्सीच्या त्या घराण्याला

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमची-आमची ओळख नाही. इटलीतल्या सालेर्नो प्रांतातलं तुमचं कोंतुर्सी मी फक्त नकाशावर पाहिलंय. पण माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, आणि त्या आजाराबद्दल डॉक्टर आज आम्हाला जे समजावून सांगतात, त्यातलं बरंचसं तुमच्या रक्तावरून कळलेलं आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्या घराण्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या यायचा, तोही ऐन चाळिशी-पंचेचाळिशीत. न्यू जर्सीचे डॉ. लॉरेन्स गोल्बे आणि डॉ. रॉजर डुव्हॉइसिन यांनी इटलीतल्या डॉक्टरांना सोबत घेऊन तुमची वंशावळ जुळवली. जवळपास सहाशे माणसं, त्यांतली साठेक आजारी. अशा वंशावळीत पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी असेल तर ते काळं भरायचं.

मी सारखी विचार करते तो कोऱ्या चौकोन-वर्तुळांचा. जनुक कुठे आहे हे शोधायला नुसतं आजाऱ्यांचं रक्त पुरत नाही. आजारी भावाला आईकडून गुणसूत्राचा कोणता तुकडा मिळाला आणि धडधाकट बहिणीला कोणता, हे ताडून पाहावं लागतं. आईला दोष असला तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणजे त्या बहिणीने बाही वर सारून हात पुढे केला, तेव्हा आपलंही वर्तुळ उद्या काळं होईल का, हे तिला माहीत नव्हतं. तरी तिने रक्त दिलं.

त्या रक्तावरून 1996 मध्ये मिहाएल पॉलिमेरोपौलोस आणि सहकाऱ्यांनी जनुकाची जागा चौथ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर निश्चित केली. पुढच्याच वर्षी नेमकं जनुक सापडलं: अल्फा-सिन्यूक्लीनचं. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या सिनॅप्सपाशी, निरोप धाडणाऱ्या टोकात हे प्रथिन असतं. त्याच्या 140 अमिनो आम्लांपैकी 53 वं तुमच्याकडे बदललेलं होतं. अ‍ॅलनिनच्या जागी थ्रिओनिन. तीन ग्रीक कुटुंबांतही तोच बदल निघाला.

बाबांच्या घराण्यात हा आजार कुणालाच नव्हता. मग तुमचा-आमचा संबंध काय? तोही 1997 मध्येच उलगडला. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत ज्या लेवी गाठी दिसतात, त्यांत हेच प्रथिन साचलेलं असतं, असं मारिया ग्राझिया स्पिलांतिनी आणि मायकेल गोडर्ट यांच्या गटाने दाखवलं. आणि हे तुमचा जनुकीय बदल नसलेल्या रुग्णांतही. हे साचणं थोपवणारी औषधं शोधण्याची आजची सगळी धडपड तिथून सुरू झाली. आजार थांबवणारं औषध अजून हाती नाही. पण रोखायचं काय, हे आता कळलंय.

मध्यंतरी संशोधनासाठी बाबांबरोबर आम्हा भावंडांचंही रक्त मागितलं. भाऊ म्हणाला, "आपल्याला काही झालेलं नाही, आपलं कशाला?" मी त्याला तुमच्या वंशावळीतली कोरी वर्तुळं कागदावर काढून दाखवली. आम्ही दोघांनीही रक्त दिलं.

तुम्हा सर्वांचे, आणि आजारी नसतानाही पुढे आलेल्यांचे विशेष, मनापासून आभार.

तुमची ऋणी,
एका पार्किन्सन्स रुग्णाची मुलगी