दूरच्या संगणकावर बोलून लिहिता यावे म्हणून झटलेल्या सहकारी ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपण माझी अडचण सोडवलीत, त्याबद्दल मी आपले आभार तोंडी मानले आहेतच. तरीही हे पत्र सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे. मनगटे किंवा बोटे दुखत असल्यामुळे टंकलेखन जवळजवळ सोडावे लागलेले, आणि त्याच वेळी घरून रिमोट डेस्कटॉपने कार्यालयाच्या संगणकाला जोडून काम करणारे लोक पुष्कळ आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की नेमके काय अडते, हे समजावून सांगणारे माणूस त्यांना सहसा भेटत नाही. मला आपण भेटलात.

कळफलक आणि माउस यांचा वापर कमीत कमी ठेवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिल्यानंतर मी स्पीच रेकग्निशनकडे, म्हणजे बोलणे ओळखून त्याचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळलो. माझ्या समोरच्या संगणकावर ते उत्तम चालत होते. बोललेले वाक्य उमटत होते, आणि चुकलेला शब्द उच्चारून तो निवडता व बदलताही येत होता. मात्र रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडली की तेच सॉफ्टवेअर अडखळू लागे. कधी मजकूर उमटतच नसे, कधी वाक्याच्या मधली अक्षरे गळून जात, आणि शब्द निवडण्याच्या आज्ञेला तर काहीच प्रतिसाद मिळत नसे. ज्यांच्याकडे आधी विचारणा केली त्यांनी मायक्रोफोन बदलण्याचा, इंटरनेटचा वेग वाढवण्याचा आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला. आपण मात्र एकाही सेटिंगला हात लावण्यापूर्वी मला विचारलेत की आवाजाचा मजकूर कोणत्या संगणकावर व्हायला हवा आहे, जवळच्या की दूरच्या? माझ्या मते पुढचे सारे याच प्रश्नातून सुटले, आणि आपल्याबद्दलच्या माझ्या कृतज्ञतेचे मूळही तेथेच आहे.

त्या प्रश्नाचा अर्थ आपण ज्या सोप्या शब्दांत सांगितलात, तो मी येथे नोंदवतो. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत आपल्याला दूरच्या संगणकावरचा वर्ड दिसतो, पण जवळच्या संगणकाच्या दृष्टीने ती खिडकी म्हणजे काचेपलीकडची वही असते. ती पाहता येते, तिच्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नाही. त्याच्यापर्यंत मुख्यतः पडद्याचे चित्र येते आणि त्याच्याकडून मुख्यतः कळा व माउसच्या हालचाली जातात. म्हणून जवळच्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर खिडकीत फार तर कळा दाबल्यासारखी अक्षरे पाठवू शकते. आधी लिहिलेला शब्द शोधणे, कर्सरच्या मागे कोणते अक्षर आहे हे पाहणे, वाक्याच्या संदर्भाने दुरुस्ती करणे, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरते. देवनागरीच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण दोन्हीकडची कळफलक-मांडणी वेगळी असली की पाठवलेली कळ तिकडे भलत्याच अक्षराची ठरू शकते. उलट सॉफ्टवेअर दूरच्या संगणकावर चालवले तर त्याला दस्तऐवज पूर्णपणे हाताळता येतो, पण मग आवाज तेथपर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचवावा लागतो. म्हणजे मजकूर प्रवास करणार की आवाज, हे आधी ठरवायचे आणि त्यानुसार बाकीचे जुळवायचे.

माझ्या कामाचे आपण त्याप्रमाणे दोन भाग केलेत. इंग्रजी अहवालांत दुरुस्त्या फार असतात, म्हणून त्यांच्यासाठी ड्रॅगन हे बोलणे ओळखणारे सॉफ्टवेअर कार्यालयातील संगणकावरच ठेवून आवाज तिकडे पाठवायचे ठरले. सर्वसामान्यांसाठीचे ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७ साली बाजारात आले, तेव्हा माणूस आणि संगणक एकाच टेबलाशी असतील हे गृहीतच होते. आणि रिमोट डेस्कटॉपमधून बोलणाऱ्याचा मायक्रोफोन पलीकडे नेण्याची सोय विंडोज ७ च्या पिढीत, २००९ च्या सुमारास आली. ती सोय आपोआप चालू असेल असे मी समजत होतो. जोडणीच्या सेटिंगमध्ये 'लोकल रिसोर्सेस' या भागात 'रिमोट ऑडिओ' खाली ध्वनिमुद्रण या संगणकावरून व्हावे असे निवडावे लागते, आणि दूरच्या बाजूच्या धोरणातही तशी परवानगी असावी लागते, हे आपण दाखवलेत. त्या परवानगीसाठी वरिष्ठांकडे लेखी मागणीही आपणच केलीत.

त्यानंतर हेडसेटचा विषय निघाला, आणि येथे आपण दाखवलेली चिकाटी मला विशेष आठवते. माझा हेडसेट ब्लूटूथचा होता आणि ऐकायला तो सुरेख होता. मायक्रोफोन सुरू झाला की असे हेडसेट दूरध्वनीसारख्या संभाषणाच्या पद्धतीवर जातात, आणि जुन्या हेडसेट-संगणकांच्या जोड्यांमध्ये आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणोक्षणीच्या मोजण्या, सेकंदाला ८,००० इतकेच घेतले जातात, हे आपण समजावलेत. अशा नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज उरतच नाही, आणि 'स'ची बरीचशी ओळख तर त्याच्याही वर असते; म्हणून 'सार' आणि 'फार', 'सोड' आणि 'फोड' अशा जोड्यांत यंत्राचा गोंधळ होतो. यूएसबीचा, वायरचा साधा हेडसेट लावून सेकंदाला १६,००० नमुने मिळू लागल्यावर ओळख लगेच सुधारली. प्रत्येक नमुना १६ बिटांचा धरला तरी हा प्रवाह सेकंदाला २,५६,००० बिटांचा होतो, आणि साध्या ब्रॉडबँडलाही तो जड नाही. वेग वाढवण्याचा आधीचा सल्ला का निरुपयोगी ठरला, ते या एका गुणाकारातून मला कळले. जोडणीत त्रास होतो तो बहुधा आवाजाचे तुकडे वाटेत हरवल्याने किंवा उशिरा पोहोचल्याने, आणि वायफायऐवजी केबल लावल्यावर तोही बराच कमी झाला.

आणखी एक गोष्ट आपण केलीत, जी एरवी कोणाला सुचली नसती असे मला वाटते. ड्रॅगन बोलणाऱ्याच्या आवाजाशी जुळवून घेत जाते. ही जुळवणी कार्यालयात प्रत्यक्ष बसून न करता, आवाज रोज ज्या वाटेने येणार आहे त्याच वाटेने, म्हणजे घरून जोडणी करून करावी, असा आग्रह आपण धरलात. त्यामुळे सॉफ्टवेअरने माझा आवाज जसा तिकडे पोहोचतो तसाच ओळखायला घेतला. अक्षरे थोड्या विलंबाने उमटतात, तेव्हा पडद्याकडे पाहत एकेक शब्द सुटा बोलू नये, पूर्ण वाक्य सलग बोलावे, कारण शेजारच्या शब्दांवरूनही सॉफ्टवेअर अंदाज बांधत असते, ही सूचनाही आपलीच. ती अमलात आणल्यावर माझा वेग वाढला आणि थकवा कमी झाला.

मराठीचा मार्ग आपण निराळा ठेवलात, आणि तो योग्यच होता. ड्रॅगनमध्ये मराठीची सोय नाही. गूगलने आपल्या आवाज-ओळखीत मराठीचा समावेश २०१७ च्या ऑगस्टमध्ये केला, आणि क्रोम ब्राउझरमधल्या गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येते. पण तेथे आवाज ओळखण्याचे काम इंटरनेटपलीकडच्या यंत्रांवर होते. तो आवाज आधी कार्यालयाच्या संगणकाकडे आणि तेथून पुन्हा बाहेर पाठवण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून मराठी मसुदा जवळच्या संगणकावर बोलायचा, तेथेच दुरुस्त करायचा आणि तयार मजकूर क्लिपबोर्डवरून, म्हणजे कॉपी करून, पलीकडे चिकटवायचा, असे आपण ठरवलेत. अक्षरे कळांच्या रूपात न जाता मजकूर म्हणून एकदम जातात, त्यामुळे जोडाक्षरे शाबूत राहतात. कोणता मजकूर बाहेरच्या सेवेपुढे बोलण्याजोगा नाही, हे आपण माझ्यासोबत बसून तपासलेत आणि तशा गोपनीय कागदांसाठी टंकलेखनाची मदत मिळावी म्हणून शब्द टाकलात. माझी सोय व्हावी म्हणून सुरक्षिततेकडे आपण कणभरही दुर्लक्ष केले नाही. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे प्रवेशद्वार, इंटरनेटवर उघडे न ठेवता जोडणी व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरील सुरक्षित खासगी वाटेनेच, होईल, या अटीवर आपण ठाम राहिलात, आणि त्याबद्दल मला आपला आदरच वाटतो.

किरकोळ वाटणाऱ्या ज्या गोष्टी दिवसभर छळतात, त्यांकडेही आपण लक्ष दिलेत. विंडोजच्या कळांची जोडकामे जवळच्या संगणकाला लागू व्हावीत की दूरच्या, ही निवड बदलल्यावर खिडक्या बदलण्याची माझी आज्ञा भलतीकडे जाणे थांबले. जवळच्या संगणकावरचे आवाज ऐकणारे दुसरे सॉफ्टवेअर बंद केल्यावर एकाच बोलण्यावर दोघांनी काम करणे थांबले. क्लिपबोर्ड मध्येच अडकतो तेव्हा दूरच्या संगणकावरची आरडीपीक्लिप ही क्लिपबोर्ड सांभाळणारी प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. धडधाकट हातांना हे क्षणाचे काम आहे, पण मला टास्क मॅनेजरमध्ये माउसने शोधाशोध करणे जड जाते, हे न सांगता ओळखून आपण त्यासाठी एका आज्ञेत चालणारा शॉर्टकट तयार करून दिलात.

ताई, दुखणाऱ्या हातांनी काम करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सहानुभूती मिळते आणि काम कमी करून घेण्याची सूचना मिळते. आपण माझे काम कमी केले नाही. मला ते पूर्ण करता येईल अशी व्यवस्था उभी केलीत, आणि प्रत्येक टप्प्यावर कारण सांगत गेलात, त्यामुळे लहानसहान बिघाड आता मी स्वतः निस्तरू शकतो. आपण लिहून दिलेली टिपणे आपल्या परवानगीने इतर सहकाऱ्यांनाही दिली आहेत. कार्यालयाचा सर्व्हर बदलण्याचे चालले आहे असे ऐकतो. ध्वनिमुद्रणाची परवानगी नव्या व्यवस्थेत पुन्हा तपासावी लागेल, तेव्हा चाचणीसाठी मला अवश्य बोलवावे. हवा तेवढा वेळ देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक सहकारी