बर्ड बर्ड बर्ड

मंद्या लेका,

मार्च अर्धा संपला तरी इकडे मिनिआपोलिसला बर्फ हटायचं नाव घेत नाहीये. शनिवारी गल्लीत एकाने गॅरेजातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून तीन डॉलरला एक छोटी पंचेचाळीसची (मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी) रेकॉर्ड उचलली. ट्रॅशमेन नावाच्या बँडचं 'सर्फिन बर्ड', १९६३ चं. पोरं इथलीच बरं का! समुद्र बघायचा तर विमानात बसावं लागतं अशा गावातली चार पोरं सर्फिंगचं गाणं करतात, तिथेच मी खपलो.

तू मागे भांडला होतास ना, की कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण परत वाजवणं, हे उष्टं, ओरिजिनल ते ओरिजिनल. तर ऐक. हे ओरिजिनलच मुळात चोरीचं आहे. लॉस एंजेलिसला रिव्हिंग्टन्स म्हणून चार कृष्णवर्णीय गायकांचा ग्रुप होता, त्यांचं १९६२ चं 'पापा ऊम माव माव' आणि पुढच्या वर्षीचं 'द बर्ड्स द वर्ड'. दोन्ही झकास, पण बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत, ४८ आणि ५२ नंबरलाच अडकली. ट्रॅशमेनने काय केलं, दोन्ही गाणी एकात कोंबली, स्पीड वाढवला आणि छापलं, लेखक म्हणून आपल्याच ड्रमरचं नाव, स्टीव्ह वाहरर. १९६४ च्या जानेवारीत गाणं चार नंबरला! मग रिव्हिंग्टन्सच्या बाजूने वकील उभे राहिले आणि पुढच्या छपाईत क्रेडिटला त्या चौघांची नावं आली. बरोबरच झालं. ती दोन गाणी आधी ऐक, मग हे ऐक, म्हणजे कोणाचं काय ते कळेल.

पण एक गोष्ट मात्र वाहररचीच आहे, आणि मी रेकॉर्ड आणल्यापासून तेवढ्यासाठीच पंधरा वेळा सुई मागे नेलीये. मध्येच बँड थांबतो, एकदम सगळं गप्प, आणि हा बाबा नरड्यातून कायतरी काढतो... घशात पाणी घेऊन गुळण्या करताना गुदमरल्यासारखं, ब्ब्ब्ब्र्र्र, आणि मग धाडकन पापापापा सुरू. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. आणि बाकी सगळं गाणं ड्रम बडवता बडवता गातो हां! अमेरिकन बँडस्टँड या टीव्ही शोवर तो एकटाच गेला होता, त्याची क्लिप आहे, ड्रम नाही, बँड नाही, नुसते हात पंखासारखे हलवत नाचतोय, बघ आणि हस. बिचारा १९८९ ला घशाच्या कॅन्सरने गेला. ते कळल्यावर तो गॅप ऐकताना पोटात कसंतरी होतं.

आता कव्हर्स. रॅमोन्स या पंक (वेगवान, खडबडीत रॉक) बँडने १९७७ ला 'रॉकेट टू रशिया' अल्बमवर घेतलं, आणि खरं सांगू, त्यांना फार काही करावंच लागलं नाही, पंक सापडण्याआधीच हे गाणं पंक होतं. त्यांचा गायक जोई मस्त गातो पण गॅपमध्ये जरा सभ्य वाटतो मला. क्रॅम्प्स या बँडचं १९७८ चं मात्र वेगळंच प्रकरण, त्यांच्याकडे बास गिटारच नाही, नुसता गिटारींचा खरखराट, आणि शेवटी गाणं अक्षरशः विस्कटतं, सगळा गोंगाट, भर दुपारी घाबरलो मी. तिथे गाण्याची गंमत जाऊन भूत उरतं. मला हेच जास्त आवडलं, तुला आवडणार नाही, माहितीये.

बाकी दिग्दर्शक कुब्रिकने व्हिएतनाम युद्धाच्या पिक्चरमध्ये सैनिकांच्या सीनवर हे वाजवलंय, २००८ ला फॅमिली गाय या कार्टूनमधल्या पीटरने सगळ्या घराचं डोकं फिरवलं, आणि २०१० ला इंग्लंडात लोकांनी फेसबुकवर मोहीम काढून ख्रिसमसला ते तीन नंबरला नेलं, ट्रॅशमेनचंच, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं. हसायला म्हणून केलेलं गाणं मरतच नाही बघ.

तर काम असं आहे. तू ड्रमर आहेस, वर गातोसही. पुढच्या जॅमला हे घ्या. ड्रम न थांबवता गायचं, आणि त्या गॅपला वाहररची नक्कल करायची नाही, तुझं स्वतःचं काय निघतं ते काढ. तुझ्या आईला आधी सांगून ठेव. रेकॉर्ड करून पाठव, कापाकापी करू नकोस.

आणि हो, माझ्या रेकॉर्डच्या लेबलवर गाण्याखाली एकच नाव आहे, वाहररचं. म्हणजे वकील यायच्या आधीची कॉपी मिळालीये बहुतेक.

तुझा,
पक्या