सूचना : ताडोबा सफारीला येणाऱ्यांनी वाचा

मंडळी, तेच तेच विचारलं जातंय म्हणून एकदाच टाकतोय. नॅशनल पार्क आणि अभयारण्य एकच नाही हो, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच येतात पण अभयारण्यात परवानगीने गुरं चारता येतात, नॅशनल पार्कात अजिबात नाही. ताडोबा १९५५ पासून नॅशनल पार्क, पावसाळ्यात कोअरचे (जंगलाच्या आतल्या मुख्य भागाचे) गेट बंद असतात तेव्हा जुलै ते सप्टेंबर बुकिंग मागू नका, बफर (कोअरभोवतीचा बाहेरचा पट्टा) बघा. जिप्सीतून उतरायचं नाही, आणि वाघ दिसला की ड्रायव्हरला "अजून जवळ घे ना" म्हणणं बंद करा राव, कारवाई त्या बिचाऱ्यावर होते. वेफर्सची कुरकुरणारी पाकिटं बॅगेतच राहू द्या. आयडी मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको, गेटवर ओरिजिनल लागतो.